तिथल्या हत्तीला मत का नाही?

दर शनिवारी संध्याकाळी ऑफिसातली खर्डेघाशी आटोपली की आम्ही वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. गणित, हिशेब आणि जमेल तेवढा इतिहास. मागे अमेरिकेच्या निवडणुकीच्या वेळी नववीतल्या एका मुलाने वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले. त्यावर एक हत्ती आणि एक गाढव. तो म्हणाला, "काका, हत्ती तर आपला. पक्षाचं नावपण रिपब्लिकन. मग तिथले काळे लोक त्याला मत का देत नाहीत?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र उत्तर द्यायला दोन शनिवार लागले.

पहिली गोष्ट, तो हत्ती आपल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हत्तीचा कोणी लागत नाही. तिथला हत्ती १८७४ साली एका व्यंगचित्रातून आला. पण बांधवहो, एके काळी तिथले काळे लोक खरोखरच हत्तीचे होते. लिंकन त्या पक्षाचा. १८६५ साली गुलामगिरी गेली, १८७० साली काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. दुसरा पक्ष डेमोक्रॅटिक, म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या गुलाममालकांचा. बाजारात दुकाने दोनच, आणि एकाच्या गल्ल्यावर तुमचा कालचा मालक बसलेला. गुलामीतून पळून पुढारी झालेले फ्रेडरिक डग्लस म्हणत, हा पक्ष जहाज आहे आणि बाकी सारा समुद्र.

जहाजाच्या कप्तानालाही ते पक्के ठाऊक झाले. हे लोक जाणार कुठे? १८७७ साली राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीचा वाद मिटवताना दक्षिणेतले सैन्य मागे घेतले गेले. पुढे तिथे मतासाठी डोईपट्टी आली, वाचनाची परीक्षा आली, आणि माणसांना झाडाला लटकावणारे जमाव होतेच. हक्क कागदावर राहिला.

१९१२ साली डॉ. डु बॉइस यांनी धाडस केले. हेच ते विद्वान, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. त्यांनी हत्तीला सोडून डेमोक्रॅट विल्सनला पाठिंबा दिला. विल्सन निवडून आला. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा तोच गादीवर होता. त्याच वर्षी टपाल आणि कोषागार खात्यांत काळ्या कारकुनांना वेगळे बसवायला सुरुवात झाली. १९१४ पासून नोकरीच्या अर्जाला फोटो लावणे सक्तीचे झाले. कशासाठी, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आम्ही स्वतः कारकून. अर्जावर आडनाव लिहिताना हात कसा थबकतो हे आम्हाला ठाऊक आहे. हे वाचले त्या रात्री आम्ही पुस्तक मिटून ठेवले.

म्हणजे एक पक्ष गृहीत धरतो आणि दुसऱ्याकडे गेले तर तो वेगळ्या बाकावर बसवतो.

मग मंदी आली. १९३२ साली 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या साप्ताहिकाचे संपादक रॉबर्ट व्हॅन, जे स्वतः हत्तीवाले होते, भर सभेत म्हणाले, घरी जा आणि लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते देणे फिटले. त्या वर्षी बहुतेकांनी ऐकले नाही. इतक्या वर्षांचे उपकार एका भाषणाने सुटत नाहीत. पण १९३६ साली, शिकागो, न्यूयॉर्कसारख्या उत्तरेतल्या शहरांत ज्यांना मत देता येत होते अशा काळ्या मतदारांपैकी सुमारे ७० टक्के रूझवेल्टच्या बाजूने गेले. का? सरकारी कामांवर मजुरी मिळाली, चूल पेटली. रूझवेल्ट काही देव नव्हता. त्याच्या १९३५ च्या पेन्शन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामाच्या बाया वगळल्या होत्या, आणि तिथले आपल्यासारखे लोक बहुतेक तेच काम करीत.

इथे आम्हाला आमच्या वडिलांची आठवण येते. हत्ती असेल तर हत्ती, नसेल तर निळा झेंडा जिकडे तिकडे मत, हा त्यांचा नेम. वीसेक वर्षांपूर्वी महापालिकेच्या निवडणुकीत आम्ही दुसऱ्याच एका उमेदवाराला मत दिले. कारण एकच, त्याने वस्तीत नळ आणला होता. वडिलांना आम्ही ते अखेरपर्यंत सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. निकालानंतर एकदा बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ते तांब्याने पाणी प्याले आणि म्हणाले, "पाणी चांगलं आहे." त्यांना कळले होते, असे आम्हाला आजही वाटते.

असो. तिथले काळे लोक तेव्हाही सगळे गेले नव्हते. १९६० साली निक्सनला त्यांची तीनात एक मते होती. शेवटचा दोर १९६४ साली तुटला. त्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हत्तीचा उमेदवार गोल्डवॉटर याने सिनेटमध्ये त्याच्याविरुद्ध मत दिले होते. काळ्यांची नव्वद टक्क्यांहून अधिक मते गाढवाकडे गेली. आणि गंमत पहा, त्याच निवडणुकीत दक्षिणेतली पाच राज्ये गोऱ्या मतांवर हत्तीकडे गेली. जुन्या मालकांनीही घर बदलले.

त्याच वर्षी मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर बाई आपल्या माणसांसह डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला गेल्या. कापसाच्या मळ्यात राबलेली बाई. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून मळ्यातून हाकलल्या गेलेल्या. पक्षाने सगळ्यांना मिळून दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या.

हे सांगून झाल्यावर आम्ही म्हटले की २०२४ सालीही काळ्यांची दहातली आठांहून अधिक मते गाढवालाच गेली. तोच मुलगा पुन्हा उठला. "काका, मग आता गाढवालापण वाटत असेल ना, की हे कुठे जाणार?"

यावर पुढच्या शनिवारी बोलू, असे म्हणून आम्ही वर्ग सोडला. मतदान हक्काचा १९६५ चा कायदाही सांगायचा राहिला आहे. विहारात जगाचा नकाशा आहे, पण अमेरिकेची राज्ये दाखवणारा नाही. कोणाकडे जुना असेल तर आणून द्यावा.