विजेचा बंब

आगीचा बंब हें असें एक वाहन आहे कीं, तें आपल्या दारीं कधीं येऊं नये अशी प्रत्येकाची इच्छा असते, आणि येण्याची वेळ आलीच तर त्यानें क्षणाचाही विलंब लावूं नये असा प्रत्येकाचा आग्रह असतो. अलीकडे या बंबानेंही नवें रूप धारण केलें आहे. २०२१ सालीं जर्मनींतील बर्लिन व अमेरिकेंतील मॅडिसन या शहरांत विजेवर चालणारे बंब प्रत्यक्ष कामास लागले. त्यांचीं वर्णनें आम्हीं मोठ्या कौतुकानें वाचलीं. गाडी सुरू होतांना गडगडाट नाहीं, आणि ठाण्यांतील जवानांच्या नाकांत धूर नाहीं. हा दुसरा गुण लहान नव्हे. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे; आणि जो मनुष्य दुसऱ्यांसाठीं आगींत शिरतो, त्याला स्वतःच्या ठाण्यांत तरी स्वच्छ हवा मिळावी हें न्यायाचेंच आहे. या गाड्यांच्या कर्त्यांनीं त्यांच्या पोटांत तेलाचें एक इंजिनही ठेवलें आहे. भर कामांत विजेचा सांठा सरला तरी पाणी थांबतां कामा नये, हा त्यांतील हेतु. ही दूरदृष्टि आम्हांस गाडीहूनही अधिक आवडली.

परंतु ज्या वर्षीं तिकडे हे बंब निघाले, त्याच वर्षाच्या आरंभीं आमच्या भंडाऱ्यावर कोणता प्रसंग गुदरला, हें सांगावयास नको. ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, जिल्हा सामान्य रुग्णालयांतील नवजात बालकांच्या कक्षांत आग लागली. तेथें १७ अर्भकें होतीं; ७ वांचलीं, १० गेलीं. गेलेल्यांपैकीं ३ भाजून आणि ७ धुरानें गुदमरून दगावलीं, असें त्या वेळीं सरकारतर्फें सांगण्यांत आलें. यांतील दुसऱ्या आंकड्यापाशीं आमचें मन पुनःपुन्हा अडतें. बंब कितीही वेगवान असला तरी तो रस्त्यानें येतो. धूर खोलींतच असतो. अशा आगीचा निकाल बंब ठाण्यांतून निघण्यापूर्वींच लागलेला असतो.

कायदा नव्हता असें नाहीं. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा महाराष्ट्राचा अधिनियम २००६ सालचा आहे. इमारतींतील साधनें सुस्थितींत असल्याचा दाखला मालकानें दर जानेवारींत व जुलैंत द्यावा, असें त्यांत सांगितलें आहे. तरीही त्याच २०२१ च्या नोव्हेंबरांत अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला व रुग्ण दगावले. आधीं झालेल्या हयगयीची किंमत मागाहून दुसऱ्यांनींच द्यावी लागते. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत ज्या जहाजाचा स्फोट झाला, त्यावर स्फोटकें व कापसाच्या गांठी एकत्र भरलेल्या होत्या. ती आग विझवितांना ६६ बंबवाले मृत्यु पावले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतों. त्या दिवशीं शौर्याची स्तुति होते. निष्काळजीपणाची आठवण मात्र फारशी निघत नाहीं.

खेड्यांतही तत्त्व हेंच. आमचा जिल्हा धानाचा. कापणी झाली कीं शेतकरी भारे बांधून शेतांतच पुंजणे रचतो आणि मळणीची वाट पाहतो. वर्षाचें सर्व अन्न व सर्व देणें त्या पुंजण्यांत असतें, आणि एका ठिणगीनें तें रात्रींत नाहींसें होतें. अशी एक राख आम्हीं पाहिली आहे. बंब रात्रींच आला होता. परंतु पांदण अरुंद व खांचखळग्यांची, म्हणून तो सडकेवरच उभा राहिला. साधारण बंबांत चार-पांच हजार लिटर पाणी मावतें आणि जोराच्या फवाऱ्यानें तें कांहीं मिनिटांत संपतें. जवळच मालगुजारांच्या वेळचा तलाव तुडुंब भरलेला होता. त्याच्या कांठापर्यंत गाडीस वाट नव्हती. "बंब आला जी," तो शेतकरी आम्हांस म्हणाला, "पन तवरिक रायलंच का होतं?" त्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

मग विजेचा बंब भंडाऱ्यास नको काय? अवश्य यावा. जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत यावा, आणि जवानांस त्याचें शिक्षणही मिळावें. परंतु त्याच्या स्वागताची खरी तयारी तोरणें बांधून होणार नाहीं. रुग्णालयांतील तारा व यंत्रें वेळच्या वेळीं तपासलीं जावींत. रात्रपाळीच्या परिचारिकेस धुरांतून बाहेर पडण्याची वाट डोळे मिटूनही सांपडावी. पांदण दुरुस्त व्हावी. तलावाच्या पाळीवर गाडी उतरेल एवढा उतार असावा. हीं कामें लहान आहेत, आणि त्यांचें उद्घाटन कोणी करीत नाहीं. बंब येईल तेव्हां त्यानें वांचवावें असें कांहीं उरलेलें असावें, एवढी तजवीज आपणच आधीं करून ठेवावयाची आहे.