मिलानचे दिवे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साधारण पंचवीस वर्षांत इटलीत घरगुती दिव्याचे रूप मुळापासून बदलले. विजेचा दिवा तोवर उसना वेश घेऊन वावरत होता. घरात वीज येऊन कितीतरी वर्षे झाली, तरी झुंबराला खोट्या मेणबत्त्या होत्या, काचेच्या पाकळ्या होत्या, कापडी झालरी होत्या. बल्ब ही झाकून ठेवायची वस्तू होती. मिलानच्या लहानलहान कारखान्यांतून निघालेल्या दिव्यांनी हा वेश उतरवला. उजेड कुठे पडायला हवा, किती पडायला हवा आणि डोळ्यांना कुठून दिसता कामा नये, हे आधी ठरू लागले आणि धातू, काच, वायर त्यामागून आली. हे दिवे जमवणारे आज युरोप-अमेरिकेत आणि जपानमध्येही आहेत. त्यांच्या संग्रहातला उत्तम दिवा कोणता आणि केवळ देखणा कोणता, हे दिवा लावल्यावरच कळते.

हे सारे मिलानमध्येच घडले याला कारणे आहेत. १९४३ च्या ऑगस्टमधल्या बॉम्बहल्ल्यांनी शहराचा मोठा भाग जमीनदोस्त केला. युद्ध संपले तेव्हा वास्तुविशारदांकडे कल्पना होत्या, पण इमारती उभारायला पैसा नव्हता. दिव्याला भांडवल लागत नाही. पितळी नळी, अॅल्युमिनियमचा पत्रा, होल्डर आणि हातभर वायर यांत नवा विचार करून पाहता येतो. पत्र्याला चाकावर फिरवून वाटीचा आकार देणारे, पितळ वाकवणारे, रंगाचा भाजीव थर चढवणारे कारागीर शहराच्या आसपासच होते, आणि काच फुंकणारे मुरानो बेटही फार लांब नव्हते. जिओ पोंती यांनी १९२८ मध्ये सुरू केलेले ‘डोमुस’ मासिक नव्या वस्तूंची छायाचित्रे छापत होते, ‘त्रिएन्नाले’ प्रदर्शनात त्या मांडल्या जात होत्या. १९५४ पासून ‘ला रिनाशेन्ते’ या मोठ्या दुकानाने उत्तम वस्तुरचनेसाठी ‘कोंपास्सो दोरो’ हे पारितोषिकही सुरू केले. दिवा हा गंभीरपणे विचार करण्याचा विषय आहे, ही जाण एका शहरात इतक्या माणसांना एकाच वेळी क्वचितच झाली असेल.

त्या सगळ्यांत जीनो सार्फात्ती यांचे स्थान पहिले. १९१२ मध्ये व्हेनिसला जन्मलेले सार्फात्ती विमानविद्येचे शिक्षण घेत होते. घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे ते अर्धवट सुटले. एका काचेच्या फुलदाणीचा दिवा करून देण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यातून पुढचा मार्ग सापडला. १९३९ मध्ये त्यांनी मिलानला ‘आर्तेलुचे’ ही कंपनी काढली आणि चारशेहून अधिक दिवे रचले. त्यांनी दिव्यांना नावे दिली नाहीत, क्रमांक दिले. पाचशे-सहाशेच्या घरातले क्रमांक टेबलावरच्या दिव्यांचे, हजाराच्या पुढचे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या दिव्यांचे, दोन हजाराच्या पुढचे छताला टांगायच्या दिव्यांचे. संग्राहकाला ही क्रमांकांची भाषा पहिल्यांदा शिकावी लागते.

त्यांचे १९५८ चे २०९७ क्रमांकाचे झुंबर पाहिले की त्यांची विचारपद्धती ध्यानात येते. मधोमध एक उभा दांडा, त्यातून चारी दिशांना निघालेल्या बारीक भुजा आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला उघडा बल्ब. जुन्या झुंबरात वायर भुजेच्या पोटातून लपवून नेत. इथे ती दांड्यातून बाहेर पडून भुजेपर्यंत सैल झोळासारखी लोंबते, आणि अशा तीस किंवा पन्नास झोळांनी झुंबराचा घेर भरून येतो. पूर्वी काचेच्या लोलकांच्या माळा जे काम करीत, ते इथे साध्या वायरने केले आहे. तशीच धिटाई १९५४ च्या १०६३ मध्ये आहे. कार्यालयात आणि कारखान्यात वापरायची ट्यूबलाइट त्यांनी बैठकीच्या खोलीत माणसापेक्षा उंच अशी उभी केली आणि तिच्यामागे अॅल्युमिनियमची एक चिंचोळी पट्टी तेवढी ठेवली. १९६६ चा ६०० क्रमांकाचा टेबललॅम्प तर मुठीएवढा. त्याचा तळ म्हणजे शिशाचे छर्रे भरलेली चामड्याची पिशवी. तो कलंडला तरी कलंडेल तिथेच स्थिर राहतो आणि कोणत्याही कोनात ठेवून पुस्तकावर उजेड पाडता येतो. बिजागरी नाही, स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. एवढ्या कमी साधनांत एवढे काम करून घेणारा दिवा त्या काळातही दुसरा सापडणे कठीण. १९७३ च्या सुमारास सार्फात्तींनी कंपनी ‘फ्लॉस’ या दुसऱ्या दिव्यांच्या कंपनीला विकली आणि ते कोमो सरोवराकाठी राहायला गेले. २०१२ मध्ये मिलानच्या त्रिएन्नालेने त्यांच्या दिव्यांचे मोठे प्रदर्शन भरवले.

आर्तेलुचेच्या बरोबरीने इतर कारखानेही उभे राहिले. मोंझा गावातल्या ‘आर्रेदोलुचे’चे आंजेलो लेल्ली पितळ आणि रंगीत पत्रा यांच्या मेळात तरबेज होते. एका दांड्यातून तीन भुजा आणि तीन रंगांच्या वाट्या निघालेला, ‘त्रिएन्नाले’ नावाने ओळखला जाणारा त्यांचा दिवा आज सर्वांत जास्त नकला होणाऱ्या दिव्यांपैकी आहे. ब्रूनो गात्ता यांनी १९४६ मध्ये ‘स्तिल्नोवो’ काढली, जुझेप्पे ओस्तुनी यांची ‘ओलुचे’ त्याच्या वर्षभर आधीची. ‘फोंताना आर्ते’ची वाट निराळी होती. काचेच्या व्यापारातून ती जन्मली, त्यामुळे जाड काच कापणे, वाकवणे, तिची कड घासून चकाकवणे यांत तिचा हात धरणारे कोणी नव्हते. १९५४ मध्ये फ्रेंच काचकलाकार माक्स आंग्रां तिचे कलादिग्दर्शक झाले. त्यांच्या ‘फोंताना’ या टेबललॅम्पमध्ये तळाची काच आणि वरची छत्री दोन्ही दुधी, आणि दोन्ही आतून उजळतात. मंद, जवळजवळ मऊ असा तो उजेड आहे.

१९६२ मध्ये ‘फ्लॉस’ स्थापन झाली. त्याआधीच अकिल्ले व पिएर जाकोमो या कास्तिल्योनी बंधूंच्या हाती एक नवे साधन आले होते. अमेरिकेत लष्करी सामान गुंडाळण्यासाठी एक चिवट राळ फवारत असत. तिला ‘कोकून’ म्हणत. तारेच्या सांगाड्यावर ती फवारली की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ताणले जाऊन पातळ पापुद्रा तयार होतो. १९६० चा ‘तारासाकुम’ असाच घडला. त्याच १९६२ मध्ये आला ‘आर्को’. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, ही अडचण. रस्त्यावरच्या दिव्याच्या वाकलेल्या खांबात तिचे उत्तर सापडले. कारारा संगमरवराचा साधारण ६५ किलोचा ठोकळा, त्यातून निघालेली पोलादी कमान आणि दोन मीटरहून लांब जाऊन टेबलावर झुकलेली अॅल्युमिनियमची वाटी. कमानीच्या खालून वाढप्याला ताट घेऊन जाता येईल एवढी जागा मोजून ठेवली आहे. ठोकळ्याला मधोमध एक आरपार भोक आहे. अनेकांना ती शोभा वाटते. त्यातून झाडूचा दांडा घालून दोन माणसांनी दिवा उचलावा यासाठी ते आहे. ठोकळ्याचे कोपरे कोणाच्या नडगीला लागू नयेत म्हणून तासून घेतले आहेत.

साठच्या दशकात प्लास्टिकनेही आपली जागा घेतली. जो आणि जान्नी कोलोंबो या भावांच्या १९६२ च्या ‘आक्रिलिका’त तळाशी दडवलेल्या ट्यूबचा उजेड जाड, वाकवलेल्या पारदर्शक अॅक्रिलिकमधून प्रवास करून दुसऱ्या टोकाच्या कडेला उमटतो. मधली काया अंधारीच राहते आणि कड तेवढी प्रकाशमान होते. गाए आउलेंती यांचा १९६५ चा ‘पिपिस्त्रेल्लो’ वटवाघळाच्या पंखांसारख्या छत्रीने ओळखला जातो. त्याच सुमाराचा विको माजिस्त्रेत्ती यांचा ‘एक्लिसे’ हा एका गोलात दुसरा गोल असलेला छोटा दिवा. आतला गोल फिरवला की ग्रहण लागावे तसा उजेड झाकत जातो.

संग्रहाचे खरे काम दिवा हाती आल्यावर सुरू होते. बहुसंख्य दिव्यांवर रचनाकाराची सही नाही. कंपनीचा कागदी लेबलाचा तुकडा, पितळावर ठोकलेला शिक्का, होल्डरजवळ कोरलेली अक्षरे, एवढाच पुरावा. आणि लेबले उष्णतेने सुकून गळून पडतात. म्हणून जुनी सूचिपत्रे आणि ‘डोमुस’चे जुने अंक हेच भरवशाचे साक्षीदार. विक्रेत्याच्या यादीत ‘स्तिल्नोवोच्या धाटणीचा’ असे लिहिलेले दिसले की तो दिवा बहुधा स्तिल्नोवोचा नाही, एवढे समजून घ्यावे. अनाम कारखान्यांनीही त्या काळी सुंदर दिवे केले. ते अनाम म्हणूनच घ्यावेत. त्यांना मोठे नाव चिकटवणे हा त्या अज्ञात कारागिरावरही अन्याय आहे.

स्क्रूकडे पाहावे. त्या काळी सरळ खाचेचे स्क्रू सर्रास वापरले जात. फुलीच्या खाचेचे चकचकीत स्क्रू दिसले तर कोणीतरी दिवा उघडला असण्याची शक्यता मोठी. रंग पाहावा. मूळ भाजीव रंग कडेला बारीक उडालेला असतो, नव्याने फवारलेला रंग स्क्रूच्या खाचेतही शिरलेला असतो. पितळाची गोष्ट अधिक नाजूक. पितळ म्हटले की चिंच-मीठ लावून लखलखीत करायचे, ही घरोघरची सवय इथे नुकसान करते. कित्येक दिव्यांच्या पितळावर वार्निशचा पातळ थर असे. घासताना तो जातो, त्याबरोबर दशकांत मुरलेली तांबूस छटाही जाते, आणि उरते ते भडक पिवळे पितळ. ती छटा परत यायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतात. पुसायला मऊ कोरडे कापड पुरते. अॅक्रिलिकची काळजी आणखी वेगळी. त्याला स्पिरिट लावले तर केसासारख्या चिरा पडतात. कोकूनचा पापुद्रा धुळीने आणि उष्णतेने पिवळा, ठिसूळ होतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. फाटलेला मूळ पापुद्रा काढून नवा फवारून घेणारेही आहेत, पण मग सांगाडा तेवढा जुना राहतो, आणि विकताना ते सांगायला हवे.

नकलांचा बाजार मोठा आहे. त्यांत आणि अधिकृत पुनरुत्पादनांत फरक करायला हवा. आर्को किंवा २०९७ फ्लॉस आजही बनवते. ते दिवे अस्सलच, फक्त जुने नव्हेत. आर्कोच्या नकलेवरून फ्लॉसने इटलीतल्या एका विक्रेत्याला न्यायालयात खेचले आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २०११ च्या निकालाने वस्तुरचनेलाही कलाकृतीसारखे स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळू शकते, ही बाजू बळकट झाली. नक्कल पकडायला कायदा लागतोच असे नाही. बहुतेक नकलांत वाटीची खोली चुकते, आणि जेवायला बसल्यावर बल्ब थेट डोळ्यांत येतो.

मग राहतो बल्ब. जुनी वायर आणि तिचे कडक झालेले आवरण बदलणे सुरक्षिततेसाठी अटळ असते. मूळ बटन आणि होल्डर चालू स्थितीत असतील तर ठेवावे, नसतील तर काढून जपून ठेवावे. मात्र यांतले बहुतेक दिवे तारेच्या बल्बसाठी रचलेले होते, आणि युरोपने २००९ पासून ते बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. २०२३ मध्ये नेहमीच्या ट्यूबचीही पाळी आली. एलईडीमुळे काही गोष्टी सुधारल्या. जुन्या बल्बसह एक्लिसेचा आतला गोल फिरवताना बोटे भाजत. ते आता होत नाही. कोकून आणि अॅक्रिलिकही उष्णतेपासून वाचले. बिघडली ती उजेडाची कड. तारेच्या बल्बचा उजेड एका बिंदूतून निघून वाटीच्या कडेने स्वच्छ सावली कापत असे. दुधी एलईडी सगळीकडून सारखा पसरतो आणि सार्फात्तींनी मोजून ठेवलेली सावली पुसट होते. म्हणून जाणकार स्वच्छ काचेचा, तारेसारखी पट्टी असलेला, सुमारे २,७०० केल्विनचा एलईडी निवडतात, आणि जिथे मूळ बल्बच्या डोक्याला आरशाचा लेप होता तिथे तसाच लेप असलेला शोधतात. कास्तिल्योनींच्या ‘तोइओ’ या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या दिव्यात तेही जमत नाही. त्याचा बल्ब मोटारीच्या पुढच्या दिव्यासारखा, ३०० वॅटचा. वायर मासेमारीच्या गळाच्या काठीला असतात तशा कड्यांतून वर जाते आणि ट्रान्सफॉर्मर उघडाच तळावर बसवलेला आहे. नवा बल्ब बसवून तो ट्रान्सफॉर्मर विजेच्या वाटेतून काढता येतो, पण जागेवरून हलवता येत नाही, कारण उंच दांड्याला तोलून धरणारे वजन त्याचेच आहे.