कार्बोरेटर धुताना

वाटी सोडली तर आत पेट्रोल कसले, पिवळा डिंक! उभ्या गाडीत असेच होते. पेट्रोलचा उडणारा भाग उडून जातो, उरलेला तळाशी चिकटतो.

गाडी वडिलांची, हिरो होंडा सीडी १००. २०१६ साली ते गेले, तेव्हापासून पडवीत गोणपाटाखाली होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आईचे एकच म्हणणे, "आधी चालू करून बघा, मग विकायचं बोला." यंदा थोरलीला कॉलेजला जायला गाडी हवी झाली आणि आम्ही बापलेकींनी पाने हाती घेतले.

पायलट जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. ते बुजले की गाडी चोकवरच कशीबशी चालते. पुष्कळ जण त्यात तार घालतात. वाचक भगिनी-बंधूंनो, तसे करू नका! जेट पितळेचे, मऊ. भोक वाढले की गाडी पेट्रोल पिऊ लागते. आम्ही रबरी भाग बाजूला काढले, जेट क्लीनरमध्ये भिजवले, हवा मारली आणि उजेडासमोर धरून पाहिले. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत आत बसतो, हे थोरलीने वहीत लिहून ठेवले होते. (हिशेबाची ही सवय आमच्या बी.कॉम.ची नव्हे, तिच्या आजोबांची.)

अकराव्या किकेला गाडी बोलली. आई ओट्यावर येऊन उभी राहिली, बराच वेळ.

आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते ओल धरते. म्हणून गाडी महिनोन्महिने ठेवायची तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणीही पुन्हा करावी लागते. ते कागद आम्ही भरायला घेतले आहेत.