शेवाळ, कुसळं आणि बंड्या

‘ऑक्टोबर हीट’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एसीचं टेम्परेचर कोणी वाढवलं यावरून ऑफिसात होणारी भांडणं, लोकलमधला घाम आणि ‘दिवाळीची सुट्टी कधी टाकायची’ हा सनातन प्रश्न. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. ढग पांगतात, ऊन थेट अंगावर येतं, पण जमीन अजून ओलीच असते. म्हणून हा उकाडा असा चिकट. शहरात आपण याला ‘वैताग’ म्हणतो. ज्यांचं कोकणात घर आहे, ते याला ‘कामाचे दिवस’ म्हणतात.

रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने घराभोवती जे काही उगवतं, कुजतं, सरकतं, निसरडं होतं, त्या सगळ्याचं बिल ऑक्टोबरात येतं. गवत कंबरेएवढं, पायऱ्यांवर शेवाळ, विहिरीच्या कठड्यावर पिंपळाची रोपं, झावळ्यांचा खच. बाहेरून मजूर बोलवावा, तर तो मिळत नाही, कारण नेमकी तेव्हाच भातकापणी सुरू असते. मग घरातल्याच माणसांनी कंबर कसायची.

आमचं असं घर रोह्याला आहे. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. वय वर्षं ६८. ‘एकटी’ म्हटलं की ती चिडते. “चिंगी आहे की!” चिंगी म्हणजे तिची कुत्री. गावठी, तपकिरी, एका कानाने अर्धवट उभी. मी ऐरोलीत, रोज दहा तास स्क्रीनसमोर. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. “कशी आहेस?” “बरी आहे. तू जेवलीस का?” संपलं.

पण या वर्षी ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली आणि ‘बरी आहे’ हा शब्द मला पुरेना. पेणला राहणारी मावशी मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि दादा तिला खारघरला आपल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. चाळीस वर्षं जिथे पहाटे सडा पडला, त्या घराला कुलूप लागलं. का? तर तळहाताएवढ्या हिरव्या डागामुळे.

मागे राहिला बंड्या. मावशीचा कुत्रा. वय सहा वर्षं, वजन पंचवीस किलो, आवाज त्याच्या दुप्पट. दादाच्या सोसायटीने कपाळाला आठ्या घातल्या. खरं तर सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली तशा सूचनाच काढल्यात. दादा भांडला असता तर जिंकला असता. पण प्रश्न सोसायटीचा नव्हताच. दादा-वहिनी दोघंही बारा बारा तास बाहेर आणि घरात वॉकर घेऊन चालणारी मावशी. पंचवीस किलोचं प्रेम तिच्या अंगावर उडी मारून आलं असतं तर? शेवटी आईच म्हणाली, “आण त्याला इकडे.”

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे माझ्या सेकंडहॅण्ड गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली आणि निघाले. सात वाजता पेणमध्ये. पेण म्हणजे गणपती, हे काही सांगायला नको. विसर्जन झालं म्हणून इथलं काम संपत नाही, पुढच्या वर्षाची तयारी सुरू होते. मावशीच्या आळीतही एक कारखाना आहे. दोन महिने बंड्या रात्री तिथेच झोपायचा, कारागिरांच्या डब्यातलं खायचा आणि दिवसभर मावशीच्या बंद फाटकासमोर बसायचा.

फाटक उघडून आत गेले आणि थबकले. दोन महिने माणूस नसलेलं अंगण मी आधी पाहिलंच नव्हतं. तुळशीवृंदावनापर्यंत जायची वाट दिसेना. टाकळ्याच्या शेंगा वाळून कडकडत होत्या, आघाड्याने सलवारीला मिठी मारली. नुसतेच दोन महिने, बरं का! घर पडायला वीस वर्षं लागतात हे आपण ऐकलेलं असतं. घर परकं व्हायला एक पाऊस पुरतो.

बंड्याला पट्टा लावून आळीतून एक शेवटची फेरी मारून आणली. कारखान्यातल्या एका काकांनी हातावरची माती झटकली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीही न बोलता परत कामाला लागले. त्याचं रेबीजच्या लशीचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि आम्ही निघालो. वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड. चाळीसेक किलोमीटर. बंड्या सगळा वेळ खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता.

रोह्याला पोचल्यावर त्याला थेट घरात नेलं नाही. नवा कुत्रा आणि जुना कुत्रा घराच्या दारात समोरासमोर आणायचे नसतात. दार, अंगण, जेवणाचं भांडं हा सगळा जुन्याचा मुलूख. ओळख करून द्यायची ती बाहेर, मोकळ्या जागेत आणि चालता चालता. पण नऊ वाजताच ऊन तापायला लागलं होतं. म्हणून चिंगी घरात, बंड्या मागच्या आंब्याच्या सावलीत, शेजारी पाण्याची बादली. दोघांनी भिंतीच्या आड-पलीकडून एकमेकांना यथेच्छ शिव्या घातल्या. आम्ही कामाला लागलो.

पहिलं काम शेवाळ. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत सात दगडी पायऱ्या आहेत. ओल्या पायरीवर ब्लीचिंग पावडर भुरभुरायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग तारेच्या ब्रशने खरवडायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. कुत्रं तोपर्यंत लांब. आणि एक लक्षात ठेवा, ब्लीचिंगसोबत बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. तिसऱ्या पायरीला माझे दंड भरून आले. जिममध्ये महिन्याला किती पैसे भरते ते आईला सांगितलं नाही.

दुसरं काम जुन्या कौलांची चवड. छप्पर दुरुस्त केलं तेव्हाची उरलेली कौलं न्हाणीघराच्या भिंतीला लावून ठेवली होती. आईने आधी लांब काठी हातात दिली. “हात घालू नकोस. काठीने पाड.” चौथ्या कौलाखाली तो होता. बोटभर लांबीचा, तांबूस, नांगी वर केलेला विंचू. कोकणातल्या माणसाला या लाल विंचवाबद्दल सांगावं लागत नाही. एके काळी त्याच्या दंशाने धडधाकट माणसं, विशेषतः लहान मुलं, हृदय निकामी होऊन दगावायची. आमच्याच जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध वापरून पाहिलं आणि ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही काठी ती काठीच. गमबूट, हातमोजे आणि काठी ही ऑक्टोबरची त्रिसूत्री. गवतात फुरसं असू शकतं आणि कुत्रं सगळ्यात आधी नाक घालतं.

तिसरं काम गवत. मी कोयत्याने कापत होते, आई खराट्याने ओढत होती. पाला जाळायचा नाही असं तिने बजावलं. आंब्याच्या बुंध्याशी ढीग केला. मे महिन्यापर्यंत त्याचं खत होईल. बारा वाजता आम्ही दोघी घामाने न्हालो होतो आणि पोटात वालाच्या बिरड्याचा वास शिरला होता. जेवून पडवीत पंख्याखाली आडव्या झालो.

दुपारी कुत्र्यांना कुठेही न्यायचं नाही. माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो, बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. डांबरावर तुमचा उलटा हात पाच सेकंद टेकवून बघा. नाही टेकवता आला, तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता झेपणार नाही. त्या रिकाम्या वेळात बंड्याची कुसळं काढली. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की ही टोकदार कुसळं कुत्र्याच्या बोटांमध्ये आणि कानात शिरतात. ती एकाच दिशेने, आत आत सरकत जातात, जखम चिघळते. पेणच्या त्या अंगणाने त्याच्या एका पंजात चार कुसळं ठेवली होती. मी चिमट्याने काढत होते आणि हा पठ्ठ्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडला होता. आळीत वाघ, चिमट्यापुढे शेळी.

साडेपाचला दोघांना घेऊन कुंडलिकेच्या काठी. या नदीचं एक बरं आहे. कोकणातल्या कित्येक नद्या दिवाळीनंतर रोडावतात, पण कुंडलिकेला घाटापलीकडचं पाणी मिळतं. मुळशी धरणातलं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून उतरतं आणि या नदीत येतं. कोलाडला जे राफ्टिंग करायला तुम्ही ऑफिसच्या ग्रुपबरोबर जाता ना, तेही याच पाण्यावर. ज्या धरणासाठी १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याचं पाणी आज आमच्या गावावरून वाहतं, हे राफ्टिंगचा सेल्फी काढताना कोणी सांगत नाही.

मी बंड्याला धरलं, आईने चिंगीला. मध्ये पंधरा फूट अंतर, तोंडं एकाच दिशेला. कुत्र्यांना समोरासमोर उभं केलं की ते एकमेकांना बघतात, शेजारी शेजारी चालवलं की रस्ता बघतात. पाच मिनिटं गुरगुर. दहाव्या मिनिटाला अंतर दहा फूट. धावीर मंदिराच्या वाटेवर आलो तेव्हा पाच फूट. हा आमचा ग्रामदेव. दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा त्याला पोलीस सशस्त्र सलामी देतात. ती गर्दी ओसरून गेली होती. दोघं कुत्रे एकाच खांबाचा वास घेत उभे राहिले आणि विषय मिटला.

मग आई म्हणाली, “याला मी नाही धरू शकायची. ओढेल मला.”

खरं होतं. शेवाळावरून काय आणि पट्ट्याच्या ओढीने काय, खुबा तोच मोडतो. माझ्या फोनमध्ये ऐरोलीतल्या टू-बीएचके फ्लॅटचे फोटो महिनाभर पडून होते. नदीकाठच्या बाकावर बसून ते तिला दाखवले. तिने चष्मा लावून एकेक फोटो नीट पाहिला. किचन पाहिलं, बाल्कनी पाहिली. बाथरूमच्या फोटोवर थांबली. भिंतीला स्टीलचा दांडा बसवलेला होता.

“हा धरायला आहे होय? चांगलाय. असा आपल्या मागच्या पायऱ्यांना बसेल का गं?”

मी काही वेळ बोललेच नाही. आपण आईवडिलांना एकच प्रश्न विचारत राहतो, ‘आमच्याकडे येणार की नाही?’ त्यांचं उत्तर ठरलेलं, आपला राग ठरलेला. पण मावशीला घर सोडायला लावलं ते म्हातारपणाने नाही, एका पायरीने. आणि पायरीवर काम करता येतं.

तिथेच बाकावर यादी केली. दिवाळीच्या आत फॅब्रिकेटरकडून सात पायऱ्यांना दांडा. धुण्याचा दगड दारापाशी, सपाटीवर. बंड्याला सकाळी फिरवायला शेजारचा दहावीतला मुलगा, त्याला महिन्याचे पैसे. आईने फक्त चिंगीला न्यायचं, ती ओढत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोणीतरी पायऱ्या घासायच्या. त्या ‘कोणीतरी’पुढे आईने माझं नाव लिहायला लावलं.

रात्री मावशीला व्हिडिओ कॉल केला. तिने आधी बंड्याला पाहिलं, मग विचारलं, “पायऱ्या घासल्यात ना?”

फ्लॅटचे फोटो मी डिलीट केलेले नाहीत. एक दिवस ते लागतील, आईलाही ते माहीत आहे. तो दिवस एखाद्या हिरव्या डागाने ठरवू नये, एवढंच. तोवर दर महिन्याचा दुसरा रविवार माझ्या कॅलेंडरवर ब्लॉक केलेला आहे. टीममध्ये कोणी त्या दिवशी कॉल लावला आणि कारण विचारलं, तर मी एकच शब्द लिहिते : शेवाळ.