माझी फसलेली खरेदी

वार्षिकाकरितां नेमबाजीविषयीं कांहीं लिहून द्यावें, असें आमच्या मराठीच्या सरांनीं सांगितलें, तेव्हां त्यांच्या मनांत बहुधा एखाद्या पदकाची हकीकत असावी. तशी हकीकत माझ्यापाशीं नाहीं. माझ्यापाशीं आहे ती एका नकली वस्तूची गोष्ट. आणि तींत माझें स्वतःचें वर्तन निर्दोष नसल्यामुळें ती लिहावी कीं न लिहावी ह्या विचारांत पंधरा दिवस गेले. शेवटीं वडिलांस विचारलें. ते म्हणाले, "लिही कीं. माझें नांव तेवढें घालूं नको." म्हणून तें घालीत नाहीं.

मी २०२३ सालापासून, म्हणजे आठवींत असल्यापासून, आमच्या कोल्हापुरांतील मैदानावर एअर रायफल चालविण्यास शिकत होतों. आजीला बंदूक हा शब्दच रुचला नव्हता. ती हवेवर चालते असें सांगतांच, "म्हणजे जत्रेंतली फुगे फोडायची!" असें म्हणून ती निश्चिंत झाली, व अद्यापहि तिची तीच समजूत आहे. पुढें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत आमच्याच जिल्ह्यांतील, राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांनीं ५० मीटर रायफलच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. तेजस्विनी सावंत ह्यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें जागतिक अजिंक्यपद जिंकलें तेव्हां मी पाळण्यांत होतों. परंतु हें पदक मीं जागेपणीं पाहिलें. माझ्याहिपेक्षां तें वडिलांनीं अधिक पाहिलें असावें, कारण त्याच आठवड्यांत ते होऊन म्हणाले कीं, मैदानाची रायफल पाळीपाळीनें किती दिवस वापरणार, आपण एक जुनी घेऊं.

वडील उद्यमनगरांत एका कारखान्यांत लेथवर काम करितात. सामन्यांची रायफल जर्मनी, ऑस्ट्रिया अशा देशांतून येते, आणि नवी घेणें आम्हांसारख्यांच्या आवांक्यांतलें नसतें. एका ज्येष्ठ खेळाडूनें नवी घेतली होती, त्याची जुनी आम्हीं घेतली. तो व्यवहार समोरासमोर झाला. वडिलांनीं कागदपत्रें पाहिलीं, नळींतून डोळा लावून पाहिलें, मला दहा छर्रे उडवावयास लाविले आणि मगच पैसे मोजले. मात्र त्या खेळाडूनें मागची साइट आपल्या नव्या रायफलीकरितां काढून ठेवली होती. ही साइट म्हणजे एक काळी चकती. तिच्या मध्यभागीं बारीक छिद्र असतें, व त्या छिद्रांतून पुढच्या गोल साइटकडे व तिच्यांतून लक्ष्याकडे पाहावयाचें असतें. बाजूस व माथ्यावर दोन गुंड्या असतात. गुंडी फिरविली कीं 'टक्' असा आवाज होतो व छिद्र केसभर सरकतें. तिच्यावांचून रायफल म्हणजे चष्म्यावांचून आजी.

साइटचा शोध आम्हीं मोबाईलवर केला. एका खरेदी-विक्रीच्या ठिकाणीं कोणा गृहस्थांची जाहिरात होती. वस्तु एका नामांकित जर्मन कारखान्याची, छायाचित्रें स्वच्छ, आणि खालीं एकच वाक्य: 'मुलानें खेळ सोडला, म्हणून विकणें आहे.' त्या वाक्यानेंच वडील विरघळले, असें मला वाटतें. त्यांनीं फोन केला. पलीकडील गृहस्थ मोठे अदबीनें बोलले, आपल्या मुलाविषयीं हळहळले, व माझ्या अभ्यासाचीहि चौकशी केली. २०२४ च्या दिवाळीचा बोनस नुकताच हातीं आला होता. त्यांतले साडेअकरा हजार रुपये वडिलांनीं एका मिनिटांत पाठवून दिले. जो मनुष्य भाजी घेतांना वांगें दाबून पाहतो, त्यानें न पाहिलेल्या वस्तूसाठीं न पाहिलेल्या माणसास इतकी रक्कम कशी दिली, हें कोडें आमच्या आईला अजून उलगडलेलें नाहीं.

साइट आली. डबी सुरेख, नांव ठळक. मीं ती रायफलीवर चढविली, आणि तेथून माझा खेळ बिघडूं लागला.

दहा मीटरच्या लक्ष्याचें माप वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून सांगतों. कागदावरील काळें वर्तुळ साडेतीस मिलिमीटर व्यासाचें असतें, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असल्यामुळें तो ठिपक्यास नुसता स्पर्शला तरी दहा गुण मिळतात. तेथून बाहेर दर अडीच मिलिमीटरवर एकेक गुण कमी होत जातो. असें साठ वेळां नेमावयाचें. मला पूर्वीं नऊ व दहा हे गुण बरेच पडत. ते आतां आठ व सात होऊं लागले. छर्रे डावीकडे पडले म्हणून गुंडी तीन 'टक्' फिरवावी, तर कांहींच फरक पडूं नये. आणखी एक फिरवावी, तर एकदम उजवीकडे उडी. सरांनीं माझी उभें राहण्याची रीत बदलली, मग कोपर बदलला. मीं रात्रीं लवकर निजून पाहिलें, चहा सोडला. शालेय सामन्यांची निवड जवळ आली होती व तींत माझा क्रमांक लागला नाहीं. तीन आठवडे मी स्वतःसच दोष देत होतों. साइटवर संशय घेण्याचें माझ्या मनांतहि आलें नाहीं. तिच्यावर इतकें मोठें नांव कोरलें होतें!

एके रविवारीं वडिलांनीं माझे कागद हातांत घेऊन पाहिले आणि म्हणाले, "हें माणसाचें चुकणें दिसत नाहीं. माणूस असा पायऱ्यापायऱ्यांनीं चुकत नाहीं." मालकांच्या परवानगीनें ते मला साइटसह कारखान्यांत घेऊन गेले. लेथच्या बेडवर साइट पकडली, तिच्या चकतीस डायल गेजचें टोक टेकविलें आणि मला म्हणाले, "वीस टक् पुढें." मीं मोजून फिरविले. कांटा सरकला. "आतां वीस मागें." कांटा परत निघाला, परंतु मूळ जागीं पोंचला नाहीं. आम्हीं तें पांच वेळां केलें. प्रत्येक वेळीं कांटा निराळ्या ठिकाणीं थांबे, आणि फरक एक-दोन दशांश मिलिमीटरचा येई. वडिलांनीं चकती बोटानें हलकेच दाबली, तर गुंडीस हात न लावतांहि कांटा हलला. "प्ले आहे," ते म्हणाले. "आटे सैल आहेत. हें आयतें ओतलेलें जस्त आहे, वर काळा रंग. एवढ्या मोठ्या कारखान्यांत असला स्क्रू कुणी पास करणार नाहीं."

दोन दशांश मिलिमीटर म्हणजे किती, हें मीं तेथेंच मागील पावतीवर मांडून पाहिलें. भूमितींत समरूप त्रिकोण शिकतांना त्यांचा उपयोग काय, असें मीं एकदां बाईंस विचारलें होतें. तो उपयोग त्या दिवशीं कळला. मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत माझ्या रायफलीवर पाऊण मीटर अंतर. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या सुमारें तेरा पट. मागें दोन दशांश सरकलें कीं लक्ष्यावर अडीच मिलिमीटरहून अधिक, म्हणजे पुरा एक गुण गेला. साठ छर्ऱ्यांत तो किती वेळां गेला असेल, तें मीं मोजलें नाहीं. मला प्रथम अतिशय आनंद झाला, कारण मी वाईट नेमबाज नव्हतों! मग वडिलांकडे पाहिलें. ते साइट हातांत घेऊन उगाच पुसत होते. आयुष्य शतांश मिलिमीटर मोजण्यांत गेलें, आणि छायाचित्र पाहून फसलों, असें ते कोणासहि न म्हणतां पुटपुटले. तो चेहरा मला आवडला नाहीं, व मी दुसरीकडे पाहूं लागलों.

पुढील भाग थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत सांगण्याजोगें फार घडलें नाहीं. त्या गृहस्थांस फोन केला. पहिल्या दिवशीं ते आश्चर्य करीत राहिले, दुसऱ्या दिवशीं उचलीना, तिसऱ्या दिवशीं जाहिरातहि नाहींशी झाली. कांहीं दिवसांनीं तींच छायाचित्रें दुसऱ्या एका नांवाखालीं आम्हांस दिसलीं. जर्मन कारखान्यास पत्र धाडलें, तर ह्या क्रमांकाची साइट आम्हीं केलेलीच नाहीं, असें त्यांचें उत्तर आलें. १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविली. परंतु तेथें जितक्या लवकर कळवावें तितकी बँकेंत पैसे अडविण्याची शक्यता अधिक असते, आणि आमचा महिना उलटून गेला होता. माझ्या एका वर्गमित्राच्या आई वकील आहेत. त्या म्हणाल्या कीं, ग्राहक आयोग हा व्यापाऱ्याविरुद्ध दाद मागण्याकरितां आहे. घरांतली जुनी वस्तु एकदां विकणारा खाजगी मनुष्य त्यांत सहसा बसत नाहीं. येथें फसवणुकीची फिर्याद हाच मार्ग. ती आम्हीं दिली. पैसे परत आलेले नाहींत.

आतां माझी गोष्ट. जानेवारी २०२५ मधील एका रात्रीं, घरचीं सर्व मंडळी निजल्यावर, मीं वडिलांचा मोबाईल घेतला, साइट आजीच्या पांढऱ्या लुगड्यावर ठेवून तिचीं चार छायाचित्रें काढलीं आणि जाहिरात दिली. किंमत नऊ हजार. मीं मनाशीं म्हटलें, आपण तर अडीच हजार सोसतोंच आहों! वाक्य कोणतें लिहावें हें सुचेना, तेव्हां जें पाठ झालें होतें तेंच लिहिलें: 'खेळ सोडला, म्हणून विकणें आहे.' हें लिहितांना मला फारशी लाज वाटली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. वडिलांच्या पुसणाऱ्या हातांकडे पाहून जें वाटलें होतें, त्याचें औषध मला नऊ हजार रुपये हेंच दिसत होतें.

दुसऱ्याच दिवशीं निरोप आला. गारगोटीजवळच्या एका खेड्यांतील मुलगा, इयत्ता आठवी. त्याच्या शाळेंतील क्रीडाशिक्षकांनीं एका रिकाम्या खोलींत दहा मीटरची रेघ आंखून चार मुलांस शिकविण्यास आरंभ केला होता. रायफल होती, साइट मोडली होती. त्यानें लिहिलें: 'दादा, दुधाचें बिल दहा दिवसांनीं मिळतें. दोन बिलांचे पैसे झाले कीं पाठवितों. तोंवर कोणाला देऊं नका.' मीं 'बरें' असें उत्तर दिलें. थोड्या वेळानें त्याचा आणखी एक निरोप आला. त्यांत व्यवहाराची गोष्ट नव्हती. 'दादा, तुम्ही खेळ कां सोडला?'

मीं मोबाईल उपडा ठेवला. संध्याकाळीं मैदानावर गेलों. तेथें हातांत रायफल घेऊन उभा असतांना तो प्रश्न मला फारच विचित्र वाटूं लागला. घरीं येऊन वडिलांस सर्व सांगितलें. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मलाही हें सुचलें होतें. दोनदां." आई स्वयंपाकघरांतून ऐकत होती. ती म्हणाली, "आणि त्या पोरानं तिसऱ्याला विकायची, होय?"

वकीलबाईंनीं तर हें कायद्यानेंच मिटविलें. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या १०४ व्या कलमाप्रमाणें खोट्या नांवाचा माल विकणें, किंबहुना विकण्यासाठीं जवळ बाळगणेंहि, गुन्हा आहे; सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. ज्यानें पुरेशी खबरदारी घेतली होती व ज्यास संशयाचें कारणच नव्हतें, त्यास त्यांतून सुटतां येतें. "डायल गेज लावीपर्यंत तूं त्यांत होतास," त्या म्हणाल्या. "नंतर नाहींस."

मीं त्या मुलास खरें लिहिलें. खेळ सोडलेला नाहीं; साइट नकली आहे; मला ठाऊक असतांना मीं ती तुला विकणार होतों. त्याचें उत्तर दोन दिवस आलें नाहीं. आलें तें असें: 'मग नकली कशी ओळखायची?'

वडिलांनीं त्याला स्वतः फोन केला. वस्तूशेजारीं त्या दिवसाची तारीख हातानें लिहिलेली चिठ्ठी ठेवून छायाचित्र मागावें. वस्तूवरील क्रमांक कारखान्यास कळवून खात्री करावी. हातांत घेऊन पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. आणि डायल गेज नसलें तरी पुढें-मागें वीस टक् फिरवून छर्रे पुन्हां त्याच जागीं पडतात कीं नाहीं तें पाहावें. हें सर्व सांगून झाल्यावर, "त्यापेक्षां रविवारीं एस. टी. नें इकडेच ये कीं," असें ते म्हणाले.

तो आपल्या शिक्षकांबरोबर आला. अंगानें लहान, पायांत मोठ्या भावाचे बूट. नकली साइट आतां वडिलांच्या कारखान्यांत असते. तिच्यावरील नांव त्यांनीं कानशीनें घांसून काढलें आहे व नव्या पोरांस प्ले म्हणजे काय तें दाखविण्याकरितां ते ती वापरितात. त्या दिवशीं ती त्यांनीं मैदानावर आणिली होती. सरांनीं आपली जुनी, अस्सल साइट कपाटांतून काढली. दोन्ही साइटी बांकावर शेजारीं शेजारीं ठेविल्या. माझ्याकडे त्यानें अजून नीटसें पाहिलें नव्हतें. वडिलांनीं त्याचे डोळे मिटावयास लाविले, त्याच्या हातांत एक साइट दिली आणि म्हणाले, "बोटांनीं सांग, कोणती." तो मान कलती करून गुंडी फिरवूं लागला आणि हळू आवाजांत मोजूं लागला, एक, दोन, तीन; आणि सातावर थांबून, डोळे मिटलेलेच ठेवून, मला म्हणाला, "दादा, ही तुमची."