आवाज कुठे अडतो?

बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी शिकवली होती. मुलाची बेरीज चुकली की 'गणित कच्चं' असा शिक्का मारून मोकळं व्हायचं नाही. हातचा विसरतो की स्थानिक किंमतच कळलेली नाही, हे आधी शोधायचं. ही गोष्ट वर्गात मी रोज वापरते. घरात तिचा खरा उपयोग झाला तो अब्बांच्या अॅम्प्लिफायरवर.

अब्बा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. दिवसभर खडखडाट ऐकलेल्या माणसाला रात्री हळू आवाजात गाणी लागतात. गेल्या वर्षी ते म्हणू लागले, "डावीकडून ऐकू येत नाही." घरात कुणाला काही फरक जाणवत नव्हता. भाईजान अॅम्प्लिफायर घेऊन दुकानात गेले. मेकॅनिकने आवाज मोठा केला, दोन्ही बॉक्स दणकून वाजले. "मशीन उत्तम आहे, चाचांचे कान दाखवा," असा निकाल घेऊन भाईजान परत आले. भाभी श्रवणयंत्राची चौकशी करू लागल्या. अब्बा मात्र गप्प झाले. मग त्यांनी रात्रीची गाणी लावणंच सोडलं.

मला हे गप्प होणं खटकलं. म्हाताऱ्या माणसाची तक्रार 'वय झालं' या दोन शब्दांत निकालात निघते, तेव्हा तो पुढची तक्रार करतच नाही.

बिघाड कानात आहे की खोलीत, हे ठरवायला यंत्र लागत नाही. मी अब्बांची खुर्ची उलटी फिरवली, त्यांची पाठ बॉक्सकडे केली, आवाज त्यांच्या नेहमीइतकाच ठेवला. आता डावा बॉक्स त्यांच्या उजव्या कानाकडे आला होता. कान बिघडला असता तर डावीकडचीच बाजू मुकी राहिली असती. अब्बा म्हणाले, "आता उजवीकडून येत नाही." म्हणजे बिघाड खोलीत होता.

पुढचं काम अदलाबदलीचं. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी मशीन बंद करून बदलायची. आधी अॅम्प्लिफायरच्या मागे स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरी आलटून-पालटून लावल्या. डावा बॉक्स वाजू लागला, उजवा मुका झाला. म्हणजे बॉक्स आणि त्यांच्या वायरी निर्दोष. त्या पूर्ववत करून, प्लेअरकडून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या पिना बदलल्या. या वेळी डावा बॉक्सच मुका राहिला. म्हणजे प्लेअरही निर्दोष. उरला अॅम्प्लिफायर.

मग आवाज वाढवत नेला. एका टप्प्यावर डावा बॉक्स एकदम जागा झाला. दुकानात हेच झालं असणार. अशा अनेक मशिनींत चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो. तो रिलेचा. आतली व्यवस्था स्थिर होईपर्यंत तो स्पीकरना दूर ठेवतो, नंतर जोडतो. कालांतराने त्याच्या संपर्कबिंदूंवर काजळी आणि गंज धरतो. आमच्या किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत तर धातूची प्रत्येक पिन काळवंडते. मोठा आवाज तो थर भेदून जातो, हळू आवाज अडतो. अब्बा हळू ऐकत, म्हणून बिघाड फक्त त्यांनाच भेटत होता.

आणि आम्हाला का नाही कळला? अब्बांची गाणी पन्नाशीच्या दशकातली. ती मोनो आहेत, दोन्ही बॉक्समधून एकच ध्वनी येतो. एक बॉक्स मुका झाला तरी गाण्यातलं काही हरवत नाही. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकणारे. अब्बा मात्र दोन्ही बॉक्सच्या मधोमध बसत. त्यांना रफीसाहेबांचा आवाज समोरून येण्याची सवय होती, तो उजवीकडे सरकलेला त्यांनी अचूक पकडला होता.

हे सगळं कागदावर लिहून मेकॅनिकला दिलं. त्याने नवा रिले बसवला. ते काम त्याचंच. मशीनचं झाकण आपण उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

बाकीचे आवाजही आपापला पत्ता सांगतात. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होते ती बहुधा आतल्या धुळीची आणि गंजाची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घेतला की जाते. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर सगळ्या जोडलेल्या वायरी काढून पाहा. तरीही राहिला तर संशय आतल्या जुन्या कपॅसिटरवर. गेला तर एकेक वायर परत लावा, ज्या वायरीबरोबर तो येईल तिथे शोधा. पुष्कळदा टीव्हीची केबल आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या वाटेने अर्थिंगला जोडलेले असतात, त्यातून ५० हर्ट्झची घरघर शिरते. सगळं एकाच बोर्डावर लावून पाहावं. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये, ती जीव वाचवण्यासाठी आहे.

दोन्ही बॉक्स वाजतात पण ढोलक पोकळ वाटते? एका बॉक्सची अधिक-उणे वायर उलटी असेल. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्ज एकमेकांत विरतो. उर्दूच्या वर्गात मुलांना 'खुदा' आणि 'जुदा' लिहायला लावते, नुक्ता वर की खाली एवढाच फरक. इथेही तसंच.

रिले बदलल्यावरही मी अब्बांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर दिवस न घालवता जायला हवं, कारण उपचाराला उशीर झाला तर ते परत येण्याची शक्यता कमी होते. तपासणीत दोन्ही कान सारखेच निघाले: वरच्या पट्टीतले सूर थोडे कमी ऐकू येतात, वयानुसार येतात तसे. म्हणजे वय झालंय हेही खरं आणि डावा बॉक्स मुका होता हेही खरं. पहिलं खरं असल्यामुळे दुसरं कुणी तपासलंच नव्हतं.

आता अब्बा पुन्हा तक्रारी करतात. पंखा कुरकुरतो, मिक्सरचा आवाज बदललाय, जिन्यातला नळ गळतोय. भाभी वैतागतात. मी एकेक जाऊन पाहते. नळ खरंच गळत होता.