वीस मिनिटांसाठी साडेचार लिटर: छोट्या डिझेल नौकांचा इतिहास आणि माझी एक चूक

१. या धाग्यांमध्ये आजवर किल्ले, ताम्रपट आणि नाणी येऊन गेली. आजचा विषय आहे छोटी डिझेल नौका: एका कुटुंबाला पुरेल एवढी आणि ताशी दहा-बारा किलोमीटरने चालणारी. विषय निवडण्यामागे वैयक्तिक कारण आहे. जो इतिहास माझ्या काकांच्या उपयोगी पडला असता तो मी वेळेवर वाचला नाही, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

२. काकांची लाकडी लाँच दाभोळच्या खाडीत पर्यटकांना फिरवते. पाण्याच्या रेषेवर तिची लांबी २५ फूट. तिच्यात दोन सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन होते. पाच वर्षांपूर्वी काकांनी मला विचारले, "गो बाय, त्या फायबरच्या बोटी भरधाव जातात. आपण मोठं इंजिन बसवूया काय?" मी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात शिकलेली म्हणून माझ्या शब्दाला वजन होते. मी म्हणाले, "बसवा की. तिप्पट ताकद म्हणजे निदान दुप्पट वेग."

३. काकांनी कर्ज काढून तिप्पट ताकदीचे इंजिन बसवले. पहिल्याच दिवशी पूर्ण वेग दिला तेव्हा नाळेपुढे पाण्याचा उंचवटा उभा राहिला, लाँचचा मागचा भाग खाली बसला आणि इंजिन नुसते गर्जत राहिले. पूर्वी लाँच साडेपाच नॉटने चालत असे; आता ती जेमतेम ६.७ नॉट गाठत होती. (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.) काकांच्या वहीत डिझेलचा आकडा मात्र ताशी अडीच लिटरवरून सहा लिटरवर गेला.

४. असे का झाले, याचे उत्तर मला एम.ए.च्या वर्षात, बाष्पनौकांवरच्या एका निबंधाची तयारी करताना सापडले. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२मध्ये टॉर्की येथे एक लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. पाण्याचा विरोध केवळ घर्षणाचा नसतो; नौका चालताना स्वतः लाटा निर्माण करते आणि त्या लाटा उठवण्यात बरीच शक्ती खर्च होते, हे त्याने मोजून दाखवले.

५. नौकेचा वेग वाढतो तशी तिने उठवलेली लाट लांब होत जाते. एका वेगाला लाटेची लांबी नौकेच्या लांबीइतकी होते. मग एक शिखर नाळेशी, दुसरे मागच्या टोकाशी आणि नौका मधल्या खळग्यात अडकलेली, अशी स्थिती येते. त्यापुढे जायचे तर तिला स्वतःच्याच लाटेवर चढावे लागते. ढोबळ सूत्र असे: पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ने गुणा. २५चे वर्गमूळ ५, आणि ५ गुणिले १.३४ म्हणजे ६.७. काकांच्या लाँचची मर्यादा तिच्या लांबीतच लिहिलेली होती.

६. फायबरच्या त्या बोटींचे काय? त्या वजनाने हलक्या आणि तळाने सपाट असतात. पुरेशी शक्ती मिळाली की त्या लाट ओलांडून पाण्याच्या पृष्ठावर घसरत जातात. जड, गोल पोटाच्या लाकडी नौकेला ते साधत नाही. मी दोन वेगळ्या जातींची तुलना करून सल्ला दिला होता.

७. आता इंजिनाकडे वळू. रुडॉल्फ डिझेलला १८९३मध्ये जर्मन पेटंट मिळाले आणि १८९७मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची जाहीर चाचणी झाली. इंधनातील ऊर्जेपैकी २६.२ टक्के ऊर्जा कामात उतरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत हा आकडा विलक्षण होता. यात ठिणगी नसते: हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. जितका दाब अधिक, तितका त्याच थेंबातून अधिक काम काढण्याला वाव.

८. हे इंजिन पाण्यावर प्रथम उतरले ते एखाद्या भव्य जहाजात नव्हे. १९०३मध्ये फ्रान्समधील 'पेटी पिएर' ही कालव्यात मालवाहतूक करणारी साधी नौका डिझेलवर चालू लागली. त्याच वर्षी रशियात व्होल्गा नदीवर 'वांदाल' ही तेलवाहू नौका आली. 'सेलांडिया' हे डॅनिश जहाज डिझेलवर दूरच्या सागरी प्रवासाला निघाले ते १९१२मध्ये. स्वतः डिझेल १९१३च्या सप्टेंबरमध्ये अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' या आगबोटीवरून नाहीसा झाला. छोट्या नौकांमध्ये आपले इंजिन सर्वत्र रुळलेले त्याला पाहता आले नाही.

९. त्या उशिराला तांत्रिक कारण होते. प्रारंभीच्या इंजिनात इंधन दाबाच्या हवेने आत फवारले जाई. त्यासाठी वेगळा काँप्रेसर लागे, आणि एवढे अवजड यंत्र लहान नौकेला पेलणारे नव्हते. १९२७मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधन फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि डिझेल इंजिन लहान, हलके होण्याची वाट मोकळी झाली.

१०. छोट्या नौकेला हे इंजिन मानवले त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. बॉयलर नाही, कोळशाची कोठी नाही, वाफ धरेपर्यंत थांबणे नाही. पेट्रोलची वाफ नौकेच्या तळाशी साचून एका ठिणगीने भडका उडू शकतो. डिझेल तितक्या सहज पेटत नाही. ठिणगीची विद्युत यंत्रणाच नसल्यामुळे खाऱ्या दमट हवेत बिघडणारी एक गोष्ट कमी होते. खाडीत रात्री इंजिन बंद पडण्याची भीती ज्याने अनुभवली आहे, त्याला या शेवटच्या मुद्द्याचे मोल सांगावे लागत नाही.

११. या इंजिनाने किती दूर जाता येते? १९३६मध्ये मारँ-मारी हा फ्रेंच चित्रकार 'आरिएल' या मोटरबोटीतून एकटा न्यूयॉर्कहून ल हाव्रला पोहोचला. १९६३मध्ये अमेरिकी नौदलातील निवृत्त अधिकारी रॉबर्ट बीब याने स्वतः आखलेल्या 'पॅसेजमेकर' या ५० फुटी नौकेतून सिंगापूर ते ग्रीस असा प्रवास केला. तिचा वेग साधारण साडेसात नॉट, म्हणजे तिच्या लांबीच्या मर्यादेहून बराच कमी. पुढे १९७५मध्ये त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याचा व्यवहार सरळ होता: टाकीत इंधन ठरावीक आहे, तर वेग थोडा सोडा आणि त्या बदल्यात अंतर घ्या.

१२. हा व्यवहार लाँचला लावून पाहू. दहा सागरी मैलांची फेरी जुन्या इंजिनाने साडेपाच नॉटने १०९ मिनिटांत होई आणि साडेचार लिटर डिझेल लागे. नव्या इंजिनाने पूर्ण वेगात तीच फेरी ९० मिनिटांत होते आणि नऊ लिटर लागतात. वीस मिनिटे वाचवायला साडेचार लिटर! शिवाय ही वीस मिनिटे कोणाची, तर खाडी पाहण्यासाठीच आलेल्या माणसांची. ज्यांनी घाई विकत मागितलीच नव्हती, त्यांना आम्ही ती तोट्यात विकत होतो.

१३. गेल्या मे महिन्यात मी वही-पेन घेऊन लाँचवर बसले. ओहोटी संपून पाणी स्थिर झाले की वेगवेगळ्या वेगांना डिझेल मोजायचे, असे आम्ही चार दिवस केले. पाच नॉटला ताशी सव्वादोन लिटर. दहा मैलांना पुन्हा साडेचार लिटरच, पण वेळ दोन तास. म्हणजे जुने इंजिन तेवढ्याच डिझेलमध्ये याहून लवकर पोहोचवत होते. मोठे इंजिन सतत कमी भारावर चालवले तर काजळी धरते, म्हणून मिस्त्रीने मधूनमधून ते ताकदीने चालवायला सांगितले आहे. त्यातही डिझेल जाते.

१४. मी काकांना फ्राउडच्या हौदाची गोष्ट सांगितली. ते सुकाणूवर हात ठेवून ऐकत होते. "म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कोणी हे मोजून ठेवलं होतं?" "हो." "मग तू तेव्हा का नाही वाचलंस?" रागावून विचारले असते तर उत्तर देणे सोपे गेले असते. ते फक्त विचारत होते. मी म्हणाले, "मला वाटलं, मला ठाऊक आहे." ते काही बोलले नाहीत. त्यांनी गती पाच नॉटवर आणली आणि पाहुण्यांना काठावर पहुडलेली मगर दाखवली.

१५. कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षे आहेत. त्यातले काही मी शिष्यवृत्तीतून भरते. काका नको म्हणतात, मी भरते. हा धागा वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणाच्या घरी होडी किंवा लाँच असेल आणि मोठ्या इंजिनाचा विषय निघाला असेल, तर आधी टेप घेऊन पाण्याच्या रेषेवरची लांबी मोजा, वर्गमूळ काढा आणि १.३४ने गुणा. सल्ला त्यानंतर द्या.